फोन गेला तर गेला, फोटो जाऊ नयेत!

मागच्या जुलै महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मेसमधून जेवून येऊन आम्ही आपापल्या गादीवर आडवे झालो होतो. तेवढ्यात धाडकन दार उघडलं आणि आमचा रूम पार्टनर आत आला, डोक्यापासून पायापर्यंत चिंब! बडनेऱ्याला गाडीतून उतरला आणि मित्राच्या टू-व्हीलरवर हॉस्टेलपर्यंत येता येता पावसानं त्याला गाठलं. खिशात फोन, आणि फोनला कव्हरसुद्धा नाही.

"काय झालं बे?"

"फोन चालूच नाई होऊन राह्यला लेका!"

मग काय, हॉस्टेलमधला प्रत्येक जण डॉक्टर झाला. एकानं मेसमधून तांदूळ आणले. दुसऱ्यानं पंख्याखाली धरला. तिसरा (म्हणजे अस्मादिक!) म्हणाला, "चार्जिंगला लावून पाहा." लावला. एकदा स्क्रीन उजळली, कंपनीचं नाव दिसलं, आणि गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मोबाईल दुकानात गेलो. दुकानदारानं मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "बोर्ड गेला भाऊ. नवीन घ्या."

"अन् फोटो?"

"फोटो त्या बोर्डातच राह्यते ना भाऊ."

रूम पार्टनर दुकानाच्या पायरीवरच बसला. म्हटलं, नवा फोन घेऊ, हप्त्यानं घेऊ, सगळे मिळून काहीतरी करू. तर म्हणतो, "फोनचं काई नाई बे. आजीचा व्हिडिओ होता त्याच्यात."

त्याचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं आणि आजीचं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. लग्न होऊन आजी सासरी आली ती शकुंतलेनं. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपल्या वऱ्हाडाची नॅरोगेज गाडी सगळ्यांना माहीत आहे. ब्रिटिश काळातल्या किलिक-निक्सन कंपनीनं ती सुरू केली आणि १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालायची. तो प्रवास कसा झाला, डब्यात कोण कोण होतं, मूर्तिजापूरला उतरल्यावर काय झालं, हे आजी चुलीपुढे बसून सांगत होती आणि पोरानं सहा मिनिटं शूटिंग केलं होतं. पुढे दिवाळीनंतर आजी गेली. शकुंतला तर त्याआधीच बंद पडली होती. आता व्हिडिओही गेला.

मित्रांनो, खरी खंत पुढेच आहे. त्याच्या टेबलावर लॅपटॉप होता. लॅपटॉपमध्ये भरपूर जागा मोकळी होती. केबल तर रोज उशाशी असायची. तो व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला अर्धा मिनिट पुरला असता! पण "सबमिशन झाल्यावर करतो", "पेपर झाल्यावर करतो" असं करता करता आठ महिने गेले.

म्हणून हा लेख. इंजिनिअरिंगच्या पोरांना फोटो कॉपी कसे करायचे हे काय सांगायचं, असं काही जण म्हणतील. पण त्या रात्रीनंतर मी आमच्या विंगमध्ये विचारत फिरलो. बहुतेकांचे फोटो फक्त फोनमध्येच होते, आणि ज्यांनी कॉपी केले होते त्यांच्यातल्या निम्म्यांचे अर्धवट होते!

फोन पेन ड्राइव्हसारखा का वागत नाही?

पहिला प्रश्न हाच असतो. पेन ड्राइव्ह लावला की लगेच डी, ई, एफ असा ड्राइव्ह दिसतो. फोन लावला तर नुसतं चार्जिंग सुरू होतं. दिसलाच तर फोल्डर उघडायला वेळ लागतो, आणि कधी कधी मध्येच गायब होतो.

कारण समजायला आपल्या लायब्ररीचं उदाहरण घेऊ. समजा ग्रंथपालांनी अख्ख्या लायब्ररीची किल्ली तुमच्या हातात दिली आणि ते स्वतः बाहेर गेले. तुम्ही थेट कपाटापर्यंत जाणार, हवं ते घेणार. पेन ड्राइव्ह असा चालतो. जुने अँड्रॉइड फोनही असेच चालायचे. पण त्यात भानगड अशी की किल्ली कॉम्प्युटरकडे असेपर्यंत फोनला स्वतःच्याच कपाटाला हात लावता येत नसे. दोघांनी एकदम हात घातला तर रजिस्टरचा गोंधळ होऊन फाइली खराब व्हायच्या.

म्हणून २०११ च्या सुमारास अँड्रॉइडनं पद्धत बदलली. आता ग्रंथपाल काउंटरवरच बसलेले असतात. तुम्ही चिठ्ठी द्यायची, ते आतून पुस्तक आणून देणार. या पद्धतीचं नाव एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. कॉम्प्युटरला फोनची मेमरी थेट दिसत नाही. तो फोनला एकेक फाइल मागतो आणि फोन ती देतो.

एवढं समजलं की बऱ्याच तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. एका फोल्डरमध्ये आठ हजार फोटो असतील तर यादी तयार करायलाच फोनला वेळ लागतो, त्यामुळे खिडकी बराच वेळ रिकामी दिसते. बंद पडलं समजून केबल ओढू नका! फोन लॉक असेल तर काउंटर बंद, म्हणून फोल्डर रिकामं दिसतं. आणि फोनमधला व्हिडिओ तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर एडिट करायला गेलात तर नीट जमत नाही. आधी कॉपी करायचा, मगच एडिट.

केबलनं कॉपी : पायरी पायरीनं

१) आधी केबल तपासा. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्तातल्या काही केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतातच. चार्जिंग होतं पण फोन कॉम्प्युटरवर दिसत नाही. पोरं ड्रायव्हर शोधत बसतात, विंडोज नव्यानं टाकतात, आणि दोष असतो साठ रुपयांच्या केबलचा! म्हणून फोनच्या डब्यात आलेली केबल वापरून पाहा.

२) फोन अनलॉक करून जोडा. वरून नोटिफिकेशनचा पडदा ओढा. तिथे 'चार्जिंग' अशा अर्थाची ओळ दिसेल. तिच्यावर टॅप करून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. सुरक्षेसाठी फोन आपणहून फक्त चार्जिंगवरच राहतो, हे चांगलंच आहे.

३) कॉम्प्युटरवर 'धिस पीसी' उघडा, फोनच्या नावावर क्लिक करा, मग 'इंटरनल स्टोरेज', मग 'डीसीआयएम', मग 'कॅमेरा'. हे डीसीआयएम नाव डिजिटल कॅमेऱ्यांच्या जमान्यातलं आहे. कोणत्याही कंपनीचा कॅमेरा कोणत्याही कॉम्प्युटरला कळावा म्हणून १९९८ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या नियमांतून ते आलं. आज फोनही तेच पाळतात.

४) फक्त 'कॅमेरा' फोल्डर घेऊन थांबू नका. स्क्रीनशॉट, डाउनलोड आणि व्हॉट्सॲपचे फोटो वेगळीकडे असतात. अँड्रॉइड ११ पासून व्हॉट्सॲपचे फोटो 'अँड्रॉइड', मग 'मीडिया' आणि त्याच्या आत व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर, असे खोल गेले आहेत. आपले काही जवळचे फोटो दुसऱ्यांनीच काढलेले असतात, आणि ते तिथे सापडतात.

५) 'कट' कधीही करू नका! कायम 'कॉपी'. कट करताना मध्येच केबल हलली तर फाइल इकडेही अर्धी आणि तिकडेही भरवशाची नाही, असं होऊ शकतं. हॉस्टेलची लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या कशा असतात ते सांगायला नको.

६) एकदम आठ हजार फाइली उचलू नका. तारखेनं लावून महिन्यामहिन्यानं घ्या. एखादा घास अडकला तर नेमका कोणता अडकला ते कळतं.

लिनक्सवाल्यांनाही हीच पद्धत चालते, फाइल मॅनेजरमध्ये फोन दिसतो. मॅकला मात्र एमटीपी आपणहून समजत नाही. त्यांनी पुढे सांगितलेला वाय-फायचा मार्ग धरावा.

रस्ता चौपदरी, पण फाटक एकपदरी

आता थोडं गणित. आपण इंजिनिअर आहोत, त्याशिवाय चैन पडणार नाही!

पहिली गोष्ट, वेग 'मेगाबिट'मध्ये सांगतात आणि फाइलचं वजन 'मेगाबाइट'मध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. जाहिरातीतला आकडा आठनं भागल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

समजा फोनमध्ये ३२ जीबी फोटो-व्हिडिओ आहेत. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट प्रति सेकंद. प्रत्यक्षात ३० च्या आसपास मिळतो. ३२ जीबीला साधारण १८ मिनिटं लागतात. बारीक बारीक फोटो खूप असतील तर अर्धा तास धरून चाला. म्हणजे एक आंघोळ आणि एक चहा!

तेच ब्लूटूथनं पाठवायचं ठरवलं तर सेकंदाला पाव मेगाबाइट जेमतेम मिळतं. हिशेब केला तर साधारण ३५ तास! एखादा फोटो असेल तर ठीक, नाहीतर ब्लूटूथच्या नादी लागू नका.

"पण माझा फोन तर टाइप-सी आहे, तो जोरात चालायला पाहिजे," असं आमच्या विंगमधला एक जण म्हणत होता. इथेच गंमत आहे. टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, ते आठवतं? आता असा झकास रस्ता असला, पण मध्ये एकच गाडी जाईल असं फाटक लावलं, तर वाहतूक फाटकाच्याच वेगानं होणार. बऱ्याच कमी किमतीच्या फोनमध्ये तोंड टाइप-सी आणि आत मात्र यूएसबी २.० असतं. इतकंच काय, २०२३ मध्ये आलेल्या साध्या आयफोन १५ लाही टाइप-सीवर यूएसबी २.० चाच वेग आहे. वेगवान यूएसबी ३ त्याच्या प्रो मॉडेलला मिळालं. फोन, केबल आणि लॅपटॉपचा पोर्ट, तिघांमध्ये जो मंद, तोच वेग ठरवतो.

बिनाकेबलचे मार्ग

पूर्वी पोरं शेअरइट आणि झेंडर वापरायची. २९ जून २०२० रोजी भारत सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. आज कोणी कुठून तरी फाइल आणून ती टाकायला सांगितली तर नको म्हणा. त्यांची गरजही राहिलेली नाही.

अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप असेल तर 'क्विक शेअर' आहे. गूगलचं 'निअरबाय शेअर' २०२४ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या 'क्विक शेअर'मध्ये मिळवून त्याला हे एकच नाव दिलं. लॅपटॉपवर त्याचं ॲप टाकावं लागतं. दुसरं 'लोकलसेंड'. हे फुकट आणि ओपन सोर्स आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक, आयफोन, अँड्रॉइड सगळीकडे चालतं. दोघंही इंटरनेटशिवाय, थेट या यंत्रावरून त्या यंत्रावर फाइल पाठवतात.

अडचण येते ती हॉस्टेलच्या वाय-फायवर. दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर असून एकमेकांना दिसत नाहीत! सुरक्षेसाठी अनेक ठिकाणी नेटवर्कवर असं बंधन घातलेलं असतं की प्रत्येकाला इंटरनेट मिळेल, पण शेजारच्याचं यंत्र दिसणार नाही. उपाय सोपा. फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. फोटो पाठवायला नेटपॅक खर्च होत नाही. पण आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका. नाहीतर लॅपटॉपला नेट मिळाल्याबरोबर विंडोज अपडेट सुरू होतं आणि दिवसाचा डेटा पाच मिनिटांत सफाचट! हा स्वानुभव आहे.

व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणजे ठेवला, असं नाही

"मी तर सगळे फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि लॅपटॉपवर उघडतो." ही हॉस्टेलमधली सगळ्यात लाडकी पद्धत, आणि सगळ्यात फसवी.

फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीनं पाठवताना तो लांब बाजूला साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. म्हणजे दोन मेगापिक्सेलही नाही. सहातले पाच ठिपके गेले! फोनच्या स्क्रीनवर फरक दिसत नाही. पण फ्रेम करून भिंतीवर लावायला गेलात की दिसतो. ऑगस्ट २०२३ पासून 'एचडी'चा पर्याय आला, त्यानं बरं दिसतं, पण तोही मूळ फोटो नव्हे. व्हिडिओचं तर विचारूच नका.

शिवाय फोटोच्या पोटात तारीख, वेळ, जागा अशी माहिती लपलेली असते, ती व्हॉट्सॲपनं फोटो म्हणून पाठवल्यावर निघून जाते. आमच्या सरांनी आणि मॅडमनी हे जरूर लक्षात घ्यावं. नॅकच्या फाइलसाठी कार्यक्रमांचे जिओटॅग फोटो लागतात. फोटोवर जागेचा शिक्का छापणारं ॲप वापरलं असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसता लोकेशन चालू ठेवून काढलेला फोटो ग्रुपवर टाकला की पोटातला पत्ता गायब.

पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी जाते, आणि २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल चालते. फाइलच्या नावात 'डब्ल्यूए' ही अक्षरं दिसली की समजायचं, हा व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आहे, कॅमेऱ्याचा मूळ नाही.

"माझं तर सगळं गूगलवर आहे"

असू शकतं. पण एकदा उघडून खात्री करा. गूगल फोटोजवर अमर्याद फुकट जागा मिळायची ती १ जून २०२१ पासून बंद झाली. आता ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांना मिळून १५ जीबी फुकट. ती भरली की बॅकअप गपचूप थांबतो, आणि आपण "जागा संपली"ची सूचना रोज बाजूला सारत राहतो. चढवायचा वेगही पाहा. हॉस्टेलच्या वाय-फायवर अपलोड ५ मेगाबिट मिळत असेल तर ३२ जीबीला १४ तास लागतात.

दुसरा धोका मोठा आहे. गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि गूगलवरून, दोन्हीकडून जातो. "लॅपटॉपवर नको, गूगलवर आहे ना, मग फोनमधला उडवतो" असं म्हणत पोरं दोन्हीकडचा उडवतात. नुसता फोन मोकळा करायचा असेल तर त्यातच 'फ्री अप स्पेस' नावाचा वेगळा पर्याय आहे, तो वापरावा. चुकून उडवलाच तर 'ट्रॅश'मध्ये लगेच पाहा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. आणि ज्या खात्यात दोन वर्षं कोणी फिरकलं नाही ते खातं गूगल काढून टाकू शकतं. बाबांच्या जुन्या फोनचं खातं असेल तर त्यात अधूनमधून डोकावत जा.

आयफोनवाल्यांसाठी दोन शब्द

केबल जोडल्यावर फोनवर 'ट्रस्ट' विचारतं, तिथे हो म्हणून पासकोड टाका. फोटो उघडत नसतील तर घाबरू नका. २०१७ पासून आयफोन फोटो 'एचईआयसी' प्रकारात ठेवतो, आणि त्यासाठी विंडोजला वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं तर पुढचे फोटो जेपेग होतात. आणि जागा वाचवायचा आयक्लाउडचा पर्याय चालू असेल तर फोनमध्ये फोटोची फक्त छोटी आवृत्ती असू शकते, मूळ असतो आयक्लाउडवर. तो तिथूनच उतरवून घ्यावा लागतो.

कॉपी झाली, हे कशावरून?

बहुतेक जण इथेच चुकतात. हिरवी पट्टी पूर्ण झाली म्हणजे झालं, असं समजतात.

पहिलं, मोजा. फोनमधल्या फोल्डरच्या फाइली किती आणि लॅपटॉपवर किती, दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत.

दुसरं, उघडा. प्रत्येक महिन्यातले दोन-तीन फोटो आणि मोठे सगळे व्हिडिओ. व्हिडिओ सुरुवातीला चालवून बंद करू नका, ओढून शेवटापर्यंत न्या. फोनच्या व्हिडिओची अनुक्रमणिका बहुधा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते. शेवटचा तुकडा आला नाही तर अख्खा व्हिडिओ उघडत नाही, मग बाकीची फाइल आलेली असली तरी.

तिसरं, दुसरी प्रत करा. लॅपटॉपही पडतो, चोरीला जातो, त्यावर चहा सांडतो! पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केलेला '३-२-१' नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला हे सहज जमतं. एक हॉस्टेलच्या लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दिवाळीत गावी नेऊन कपाटात ठेवायची. जुन्या पेन ड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जात नसेल तर तो फॅट-३२ प्रकारात असणार. त्यात ४ जीबीची एक अखंड फाइल मावत नाही. आतला डेटा आधी दुसरीकडे काढून तो एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करा.

हे सगळं झाल्यावरच फोनमधून डिलीट. आणि लॅबच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कॉपी केली असेल तर तिथली प्रत पुसायला विसरू नका. घरचे फोटो सार्वजनिक करायचे नसतात.

आणि फोन बंदच पडला तर?

पाण्यात पडला तर लगेच बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. आम्ही केलेली चूक हीच होती. ओल्या बोर्डवर वीज गेली की शॉर्ट होतो. तांदळाचा काही फायदा नाही, उलट कणी आणि पीठ आत जातं. हवेशीर ठिकाणी राहू द्या आणि चालू न करता दुकानात न्या.

नुसती काच फुटून टच बंद झाला असेल आणि दिसत असेल, तर ओटीजी लावून माऊस जोडा. बऱ्याच फोनवर तो चालतो, आणि लॉक उघडून फोटो काढता येतात. डिस्प्ले पूर्ण काळा झाला पण रिंग वाजते, तर डिस्प्ले बदलून घ्या, डेटा आत शाबूत असतो. दुकानदार म्हणाला "सॉफ्टवेअर मारावं लागेल", तर आधी विचारा, "डेटा राहील काय?" कारण सॉफ्टवेअर मारताना बहुतेक वेळा सगळा डेटा पुसला जातो.

पूर्वी फोटो मेमरी कार्डात असायचे. फोन मेला तर कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की काम झालं. आता मेमरी बोर्डवर चिकटवलेली असते, आणि अँड्रॉइड १० पासून नव्या फोनवर डेटा एन्क्रिप्ट करणं सक्तीचं आहे. म्हणजे मेमरीची चिप उपसून दुसरीकडे वाचली तरी आत फक्त कचरा दिसतो, कारण कुलपाची किल्ली मूळ बोर्डच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चोरासाठी हे चांगलं. आपल्यासाठी मात्र याचा अर्थ एकच. बोर्ड दुरुस्त होऊन फोन पुन्हा चालू झाला तर ठीक, नाहीतर आतलं सगळं गेलं.

शेवटी राहिलं काय?

आमच्या रूम पार्टनरचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. त्याच्या मोठ्या बहिणीचं सासर अकोल्याला आहे. एक दिवस तिचा फोन आला. आजी असताना त्यानं त्या व्हिडिओचा सुरुवातीचा भाग कापून घरच्या ग्रुपवर टाकला होता, तो तिच्याकडे निघाला. दीड मिनिट, नऊ एमबी. मूळ व्हिडिओ जवळजवळ आठशे एमबीचा असावा. चित्र धूसर आहे, चुलीचा जाळ नुसता पिवळा डाग दिसतो, पण आवाज आजीचाच आहे. ती सांगते, बापानं डब्यापर्यंत येऊन हातात शिदोरी दिली. मग म्हणते, "अन् मंग गाडी सुटली, तं मी..."

तिथेच क्लिप संपते. पुढे आजी काय म्हणाली ते आता कोणाला ठाऊक नाही. त्यानं शूटिंग करताना ऐकलं होतं, पण नीट आठवत नाही म्हणतो.

त्या नऊ एमबीच्या आता चार ठिकाणी प्रती आहेत. त्यातली एक माझ्या लॅपटॉपवर आहे.

मित्रांनो, आपण चार वर्षं इथे असतो. गॅदरिंग, चिखलदऱ्याची ट्रिप, मेसचं भांडण, सेंड ऑफ, सगळं फोनमध्ये जमत जातं. त्यातले निम्मे फोटो उद्या पाहावेसेही वाटणार नाहीत. पण एखादा असा असतो की तो पुन्हा काढता येत नाही, कारण त्यातलं माणूस पुन्हा मिळत नाही. तो कोणता, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे. निदान तेवढा तरी आज रात्री, झोपायच्या आधी, लॅपटॉपवर घ्या. केबल उशाशीच आहे ना?

– अंतिम वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार शाखा